खालचा फलक

"साहेबांचे केस काळे करू का, ताई?" बाबल धुरीने विचारलं.

बंदर कार्यालयात माझ्या टेबलावर त्याने फ्लेक्सचा नमुना पसरला होता. मधोमध माझे वडील, पायलटच्या पांढऱ्या गणवेशात, परातीएवढे. भोवती बशीएवढे चौदा चेहरे: शुभेच्छुक. बाबल हा नवतरुण मित्रमंडळाचा अध्यक्ष. मंडळातला सगळ्यात तरुण सभासद तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि चौदाच्या चौदा जणांनी आपापले केस आधीच काळे करून घेतले होते.

"नको. अण्णांचे केस पांढरेच आहेत."

"तसं नाय, ताई. पाठीमागचं आभाळपण पांढरं. केस आभाळात जातील. साहेब टकले दिसतील."

मग मी हो म्हटलं.

खाली लाल अक्षरांत मजकूर होता: 'खारवण बंदराची शान मा. श्री. भालचंद्र मोंडकर (पायलटसाहेब) यांना सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. एकतीस वर्षे. एकही अपघात नाही.' शेवटची दोन वाक्यं माझी. बाबलला तिथे 'दर्याचा वाघ' हवं होतं.

"आणि लावायचा खंय?"

"अण्णांना येताना दिसेल अशा जागी लावा," मी म्हटलं. "जहाजावरून."

"जहाजावरून म्हणजे उंच पायजे. मोकळी जागा पायजे." बाबलने क्षणभर डोळे मिटले. "लावतो. तुम्ही काळजी सोडा."

मी काळजी सोडली.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. खारवणला तेव्हा नवी जेटी बांधून झाली होती आणि तिच्या उद्‌घाटनाला 'ओशन मयूरी' नावाचं प्रवासी जहाज येणार होतं. सहाशे प्रवासी, पोहण्याचा तलाव, आत तीन उपाहारगृहं. आमच्या बंदरात तोवर सिमेंट आणि जांभा दगड वाहणारी जहाजं यायची, त्यांना कोणी हार घालत नसे. अण्णांच्या निवृत्तीला वीस दिवस उरले होते. मयूरी हे त्यांचं शेवटचं जहाज.

बंदरातला पायलट विमान चालवत नाही, हे मला लहानपणी शाळेत दरवर्षी सांगावं लागे. बाहेरून आलेल्या कप्तानाला खाडीचा तळ ठाऊक नसतो. म्हणून मैलभर आधी बंदराची लाँच जहाजाला जाऊन भिडते, पायलट दोराच्या शिडीने वर चढतो आणि जहाज आत आणतो. खारवणची खाडी तर जात्याच खोडसाळ. आधी खडकाचं नाक वळसा घालून यायचं, लगेच सरळ व्हायचं, उजवीकडे वाळूचा दांडा, डावीकडे जेटी, आणि मधे खोल पाण्याची चिंचोळी वाट. ती वाट पाण्यावर दिसत नाही. ती दिसते टेकडीवर.

मी सात वर्षांची असताना अण्णांनी मला लाँचमधून नेऊन ती दाखवली होती. टेकडीवर दोन पांढरे फलक, मधे तांबडा उभा पट्टा. एक अर्ध्या चढावर, एक माथ्यावर.

"ह्यो खालचो, त्यो वरचो," अण्णा म्हणाले होते. "दोघांचे पट्टे एका रेषेत इले काय आपण वाटेत. सरकले काय चुकलो. समाजला?"

"आणि जहाजावरचे नकाशे?"

"नकाशातलो दांडो सहा वर्षांपूर्वीचो. खरो दांडो दर पावसाळ्यात कूस बदलता."

दर दिवाळीनंतर अण्णा होडीतून पाणी मोजत आणि वाट जितकी हलली असेल तितका खालचा फलक डावी-उजवीकडे सरकवून घेत. तो सरकवता यावा म्हणून त्याची लाकडी चौकट चांगली रुंद केलेली होती. हे सगळं मला माहीत होतं. खारवणमध्ये अण्णांच्या खालोखाल कदाचित मलाच माहीत होतं.

उद्‌घाटनाच्या आठवडाभर आधी बंदर अधिकारी घारपुरे यांनी बैठक घेतली. घारपुरे चांगले गृहस्थ. समुद्र त्यांना लागायचा, म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसत. मी टिपणं घ्यायला होते.

"मंत्रीमहोदय साडेअकराला स्थानापन्न होणार," घारपुरे म्हणाले. "जहाज अकरा चाळीसला यायला हवं. आधी नको. आधी आलं तर स्वागत कोण करणार?"

"साहेब, भरती नऊ चाळीसला आहे," अण्णा म्हणाले. कार्यालयात ते शुद्ध बोलत. "अकरा चाळीसला पाणी उतरत असेल आणि ओढ जेटीकडे असेल."

"किती उतरेल?"

"मीटरभर."

"मीटरभर!" घारपुऱ्यांना हायसं वाटलं. "अहो मोंडकर, जेटीवर एवढा खर्च झालाय. एक मीटर पाण्याचं काय घेऊन बसलात?"

"साहेब, जहाज जेटीवर चालत नाही."

घारपुरे थोडा वेळ पेनाशी खेळले. मग म्हणाले, "भरती अलीकडे-पलीकडे करता येत नाही, याची मला कल्पना आहे. पण तसं आपण लेखी कळवलेलं बरं. नंतर आपल्यावर यायला नको."

त्याप्रमाणे मी पत्र टाइप केलं. विषय: 'भरतीची वेळ व कार्यक्रमाची वेळ यांचा मेळ बसण्याबाबत'. चार दिवसांनी वरून उत्तर आलं: 'याबाबत स्थानिक पातळीवर योग्य ती कार्यवाही करावी.' घारपुऱ्यांनी ते अण्णांसमोर ठेवलं. स्थानिक पातळी म्हणजे अण्णा.

"तुम्हाला अवघड वाटत असेल तर बाहेरून दुसरा पायलट मागवू," ते म्हणाले. "तुमचे शेवटचे दिवस. उगाच दगदग कशाला?"

"दुसरो इलो तर घालीत दांड्यार," अण्णा घरी जेवताना म्हणाले. "मीच जहाज आत हाडतंय. ओढ आसली तरी दोन फलक आसत मा. वळून समोर बघला काय झाला."

"मग नाही का म्हणत नाही स्पष्ट?"

"एकतीस वर्षां नाय म्हणूक नाय, आता वीस दिवसांसाठी म्हणू?" त्यांनी आमटी ओरपली. "तू खंय रव्हतलंस त्या दिवशी?"

"जेटीवर. स्वागतपथकात. आम्हाला सगळ्यांना हिरव्या साड्या ठरल्या होत्या."

"सगळ्यांका हिरव्यो?"

"नाही. बाकीच्यांच्या पिवळ्या निघाल्या. गठ्ठ्यात एकच हिरवी आली, ती मला."

फ्लेक्सचं मी सांगितलं नाही. ते आश्चर्य होतं.

त्या दिवशी मी नऊला जेटीवर पोचले. मांडव, सोफे, बँड, कोळीनृत्याची मंडळी, सगळं सज्ज होतं. भरती पूर्ण भरात होती. पाणी जेटीच्या दुसऱ्या पायरीला लागून, आरशासारखं, रिकामं. त्या क्षणी जहाज आलं असतं तर शाळकरी पोराने आणलं असतं. पण सोफेही रिकामे होते.

बाबल धापा टाकत आला.

"ताई, बघितलंत? वर बघा!"

मी वर बघितलं. टेकडीच्या अंगावर, झाडोऱ्याच्या वर, अण्णा होते. बारा फूट रुंद, काळ्याभोर केसांचे, हसरे. जेटीवरून ते जरा तिरके दिसत होते.

"अशी जागा शोधलीय! एकदम समुद्राकडे तोंड. चौकट आयतीच उभी होती, मागेपुढे एक झाड नाय. सरकारने जशी काय फ्लेक्ससाठीच बांधून ठेवलेली."

"फार छान, बाबलभाऊ," मी म्हटलं. मी कॅमेरा आणला होता. फोटो काढला.

मी त्या टेकडीकडे वयाच्या सातव्या वर्षापासून बघत आले होते. त्या दिवशी मला तिथे फक्त माझे वडील दिसले.

मंत्री अकरा पन्नासला आले. तोवर मयूरी नाकापलीकडे तीनदा फेरी मारून चुकली होती. अण्णा दहापासून तिच्यावर होते. घारपुऱ्यांनी बिनतारी यंत्रावर निरोप दिला, "येऊ द्या," आणि जेटीवरचं पाणी सहाव्या पायरीवर आलं होतं, हे बघायला ते खिडकीजवळ नव्हते.

बारा वाजून पाच मिनिटांनी नाकाआडून तिचा पांढरा जबडा बाहेर आला. बँड सुरू झाला. एवढी मोठी वस्तू इतक्या सावकाश येते तेव्हा ती थांबूच शकत नाही, हे खरं वाटत नाही. ती वळली आणि तोंड सरळ करणार, तेवढ्यात मला ते जाणवलं. आधी कळलं नाही, नुसतं जाणवलं. तिचं नाक टेकडीवर काहीतरी शोधत होतं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, जसा माणूस अंधारात बटण चाचपतो. आणि त्या वेळात ओढीने तिला कुशीवर घेतलं. ती आमच्याकडे यायला लागली.

मी टेकडीकडे बघितलं. माथ्यावरचा फलक एकटा होता.

"किती जवळून आणतोय!" सोफ्यावर कोणीतरी कौतुकाने म्हणालं. "हेच कसब."

जहाजाच्या भोंग्याने पाच छोटे आवाज काढले. हा इशारा असतो. स्वागतपथकाला ती सलामी वाटली. पिवळ्या साड्यांनी हात हलवले. कठड्यावरून प्रवाशांनीही हलवले. मग नांगराची साखळी सुटल्याचा आवाज आला, लोखंडाचा ओढा डोंगरावरून कोसळावा तसा. तिचं नाक हिसका बसल्यासारखं जेटीपासून दूर गेलं, उजवीकडे, दांड्याकडे, आणि ती वाळूत शिरली. आवाज फारसा झाला नाही. खुर्ची सरकवल्यासारखा. मग ती हळूच एका बाजूला कलली.

लाट त्यानंतर आली. मांडव गेला, सोफे तरंगले, मंत्रीमहोदय कमरेपर्यंत भिजले. बँडचा मोठा कर्णा खाडीत गेला तो अजून तिथेच आहे. कोळीनृत्यवाल्यांना कोणी थांबा म्हटलं नाही, म्हणून ते दोन कडवी नाचले. जहाजावर एका आचाऱ्याचा हात मोडला आणि सुरतच्या एका गृहस्थांचे दोन दात पडले. सहाशे माणसं आणि जेटीवरचे आम्ही चारशे, यांत एवढंच. वर्तमानपत्रांनी याला 'भीषण दुर्घटना' म्हटलं.

भिजलेल्या गर्दीत मंत्र्यांचे स्वीय सहायक बोट वर करून ओरडत होते, "आधी तो उतरवा! पत्रकार फोटो घेतायत!" मागे कललेलं जहाज आणि वर 'एकही अपघात नाही', असा फोटो निघाला असता. मंडळाने आजवर कुठलंही काम दहा मिनिटांत केलेलं नव्हतं. हे केलं. फ्लेक्स उतरला, गुंडाळला, बाबलच्या टेम्पोत गेला. त्या जागी खालचा फलक होता, पांढरा, तांबडा पट्टा असलेला, जसा काही तो सकाळपासून तिथेच होता. होताच.

संध्याकाळच्या भरतीला मयूरी तरंगली. अण्णा लाँचमधून उतरले तेव्हा टोपी हातात होती. मी पुढे गेले.

"भिजलंस काय गो?" त्यांनी विचारलं. "बदलूचा होता तरी."

चौकशी समिती दहाव्या दिवशी आली. तीन सदस्य, अध्यक्ष श्री. चौबळ. चौबळांचा अनुभव दांडगा होता. आयुष्यभर त्यांनी रेल्वे अपघात तपासले होते. त्यांनी जेटी बघितली, टेकडी बघितली, दोन्ही फलक बघितले, आणि दुपारी सुरमई खाल्ली.

आदल्या रात्री मी कॅमेरा अण्णांसमोर ठेवला होता.

"हा उद्या त्यांना देते. फलक झाकलेला स्पष्ट दिसतो. तुमची चूक नाही, हे कागदावर येईल."

अण्णांनी चष्मा लावला. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर फोटो मोठा करत करत ते बराच वेळ बघत राहिले. आपला चेहरा, लाल अक्षरं, मग खाली.

"फोटो बरो इलो," ते म्हणाले. "ह्या खाली काय लिवला? माका वाचूक येना."

मी वाचलं. चौदा शुभेच्छुकांच्या खाली, अगदी काठाला, बाबलने माझ्या नकळत एक ओळ घातली होती. त्याला वाटलं, मी खूश होईन. 'सौजन्य: कु. वृंदा भा. मोंडकर, बंदर कार्यालय, खारवण.'

"हां," अण्णा म्हणाले. "कॅमेरा कपाटात ठेय. दमट हवेत खराब होता."

मला वाटलं, उद्यासाठी म्हणतायत.

समितीला टंकलेखक मिळाला नव्हता. म्हणजे मागवला होता, पण तो फक्त इंग्रजी जाणत होता. घारपुरे म्हणाले, "आमच्या मोंडकरबाई आहेत की," आणि साक्ष देणारे मोंडकर आणि टाइप करणाऱ्या मोंडकर यांत कोणाला काही वावगं वाटलं नाही. लहान गावात एवढं सोवळं पाळायचं म्हटलं तर कार्यालयं बंद ठेवावी लागतील.

अण्णा गणवेशात आले. माझ्याकडे बघून त्यांनी परक्या लिपिकाला करावी तशी मान हलवली.

"कार्यक्रमाच्या वेळेमुळे तुमच्यावर दबाव होता का?" चौबळांनी विचारलं.

घारपुरे छताकडे बघू लागले.

"जहाज आणायचं की नाही, हे पायलट ठरवतो," अण्णा म्हणाले. "मी ठरवलं."

मी टाइप केलं.

"नाक वळल्यावर दिशा ठरवण्यासाठी तुम्ही कशाचा आधार घेता?"

"टेकडीवरच्या दोन फलकांचा."

"त्या दिवशी ते फलक तुम्हाला दिसत होते?"

माझी बोटं कळफलकावर होती. कॅमेरा कपाटात होता, कपाट दोन फर्लांगांवर होतं. उठून जाऊन यायला दहा मिनिटं. मंडळाला दहा मिनिटं पुरली होती.

"हो," अण्णा म्हणाले. "दोन्ही फलक स्पष्ट दिसत होते."

पंखा फिरत होता. बंदराच्या एकतीस वर्षांच्या नोंदींत त्या माणसाने पाण्याची खोली बोटभरसुद्धा कमीजास्त लिहिली नव्हती.

"बाई, टाइप थांबलं," चौबळ म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं.

"लिहा, बाई. दोन्ही फलक स्पष्ट दिसत होते. पूर्णविराम."

मी लिहिलं.

बाहेर पडल्यावर आम्ही चालत घरी निघालो. नारळाच्या बागेपाशी मी थांबले.

"अण्णा, का?"

"मासळीबाजारात सौंदाळे इले आसतीत," ते म्हणाले. "बघूया चल. बरे दिवस झाले खावक नाय."

अहवाल एकशे बारा पानी निघाला. दोष पायलटच्या निर्णयाचा. अण्णांचा परवाना स्थगित झाला, निवृत्तीला तेव्हा तीन दिवस होते. निरोपसमारंभाचं कोणी काही बोललं नाही. त्यासाठी आणलेले पेढे घारपुऱ्यांनी शेवटी शिपायांत वाटले. भरतीच्या वेळेबद्दल अहवालात एक परिच्छेद होता. त्यात म्हटलं होतं, 'भरती ही नैसर्गिक बाब आहे.' शेवटी शिफारशी होत्या. त्यांतली पहिली: बंदर परिसरात सुरक्षिततेविषयी व्यापक जनजागृती करावी.

ती झाली. पुढच्या डिसेंबरात 'सागरी सुरक्षा सप्ताह' भरला. त्याचा फ्लेक्स बाबलच्या मंडळाने बिनतक्रार लावून दिला. समुद्राकडे तोंड, मागेपुढे झाड नाही, चौकट आयतीच उभी. त्यावर मंत्री होते, घारपुरे होते आणि 'आपली दक्षता, आपले जहाज सुरक्षित' असं होतं.

अण्णा सकाळी फिरायला गेले होते. ते परत आले, परसातला कोयता घेतला आणि टेकडी चढून गेले. तासाभराने आले ते काखेत मंत्री आणि घारपुरे यांची गुंडाळी घेऊन. ती आम्ही पावसाळ्यात लाकडांवर घातली. चांगली टिकली.

त्यानंतर हा त्यांचा नेमच झाला. रोज सकाळी कोयता घ्यायचा आणि टेकडी चढायची. फलकावर वेल चढला असेल तर तोडायचा, फांदी आडवी आली असेल तर छाटायची, दहीहंडी, वाढदिवस, दहावीचे गुणवंत, जे काही बांधलेलं असेल ते उतरवायचं. गावात म्हणत, पायलटसाहेबांचं डोकं फिरलं. परवाना गेला ना, त्याचा धक्का. मी कोणाला काही सांगितलं नाही. माझी नोकरी चालू होती. मला बढतीही मिळाली.

गेल्या महिन्यात, रुग्णालयात, त्यांच्या खाटेसमोर टीव्ही चालू होता. कुठल्या तरी परदेशी बंदरात भलंमोठं प्रवासी जहाज धक्क्यावर चढलं होतं. निवेदक पुन्हा पुन्हा ओरडत होता, चूक कोणाची, चूक कोणाची.

"पायलटाक कोण तरी इचारा," अण्णा पुटपुटले. "काय दिसला ता."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. पंधरा वर्षं मी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय दिसलं होतं, अण्णा?"

"माझाच थोबाड." ते हसले, हसताना खोकले. "काळ्या केसांचा. म्हटला, ह्यो कोण हलकट माझ्या फलकार बसलो?"

मी हसले नाही.

"मगे?"

"मगे काय. फलक नाय, ओढ जेटीकडे. नकाशो म्हणता डावीकडे जा. डावीकडे बघलंय तर सगळ्या पिवळ्यांत एक हिरवी साडी." त्यांनी डोळे मिटले. "मगे सोपा झाला. हिरव्यापासून लांब जावचा, येवढाच."

चार दिवसांनी ते गेले.

बाबल सगळ्यांत आधी आला. तो आता साठीचा आहे, केस अजून काळे. त्याने सगळं केलं, लाकडांपासून भटजीपर्यंत, आणि जाताना ओटीवर थांबून डोळे पुसले.

"ताई, मंडळाने श्रद्धांजलीचा फ्लेक्स केलाय. फोटो होताच आपल्याकडे, जुना. कुठे लावू?"

"कुठेही लावा, बाबलभाऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले आणि वर बघितलं.

अण्णा टेकडीवर होते. बारा फूट रुंद, काळ्याभोर केसांचे, हसरे, गळ्यात छापलेला हार. बाबलने नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की साहेब रोज जायचे ती त्यांची आवडती जागा, म्हणून मुद्दाम.

कोयता पडवीत नेहमीच्या खिळ्याला होता. घरून वर पोचायला मला पाऊण तास लागला. अण्णांना वीस मिनिटं लागत. जवळून बघितलं तर चेहरा नुसते ठिपके होता. खाली 'शोकाकुल' म्हणून चौदांपैकी अकरा उरले होते आणि पहिलं नाव माझं होतं, या वेळी ठळक अक्षरांत.

नाकापलीकडून भोंगा आला. लांब, एकच. कोणीतरी आत यायला निघालं होतं.

मी डावीकडची सुतळी तोडली, मग वरची. फ्लेक्स पुढे झुकला आणि वाऱ्याने तो माझ्या अंगावर आला, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत. रंगाचा वास येत होता. मी तसाच तो धरून उजवीकडची सुतळी चाचपली आणि तोडली.

खालचा फलक स्वच्छ होता. एक कोवळा वेल काठावरून पट्ट्याकडे निघाला होता, तोही मी काढला. मग बाजूला झाले, कारण माझी साडी हिरवी नसली तरी फलकासमोर कोणी उभं राहू नये.

जहाज नाकावरून वळलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि सरळ आलं.